मक्याचा तुरा

माझे माहेर पोलादपूरचे. तिथे मागील दारी आई दरवर्षी पावसाळ्यात मक्याचे दाणे टोचून लावीत असे. एका श्रावणात मंगळागौरीच्या आराशीसाठी मी साऱ्या ताटांचे तुरे खुडून आणले. पुढे कणसे धरली, पण सोलून पाहावे तो म्हातारीचे बोळके! आई रागावली नाही. “तुरा गेला, तिथे दाणा गेला,” एवढेच म्हणाली.

याचे कारण पुष्कळ वर्षांनी मुलीच्या शेतकीच्या पुस्तकात कळले. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा हे नरफूल, तर कणीस हे मादीफूल. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा. तुऱ्यातला पराग वाऱ्याने त्या केसावर पडला, तरच दाणा भरतो.

मी अजाणता केले, ते शास्त्रज्ञांनी जाणून केले. अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७० नंतरच्या दशकात मक्याच्या दोन जाती शेजारी लावून एकीचे तुरे काढले. दुसरीच्या परागाने तिच्यावर धरलेले बी जोमदार निघाले. १९०८ साली जॉर्ज शल यांनी संकराचे शास्त्र मांडले. आपल्या देशात १९५७ साली मका सुधारण्याची योजना सुरू झाली आणि १९६१ साली गंगा, रणजित, डेक्कन असे संकरित वाण आले.

अशा बियाण्याच्या शेतात मादी ओळींचे तुरे पराग सुटण्यापूर्वी उपटावे लागतात. रोज फेरी घालायची, एकही ताट सुटता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा अमेरिकेत हे काम बायकांनी आणि शाळकरी मुलांनी केले. पुढे ज्याच्या तुऱ्यात परागच धरत नाही असा वाण निघाला आणि कष्ट वाचले. पण जिकडे तिकडे तोच वाण झाल्याने १९७० साली करप्याने तिथला सुमारे १५ टक्के मका बुडाला. पुन्हा माणसांचे हात शेतात आले.

संकरित बी भरपूर पिकते, हे खरे. पण त्याचे दाणे पुन्हा पेरले तर पीक तसे येत नाही. बी दरसाल विकत घ्यावे लागते. आई मात्र निवडक कणसे चुलीवर धुरात बांधून ठेवी. भगिनींनो, महाडला माझ्या परसात आजही तिचेच बी आहे. ते मी एका ओळीत न लावता चौकोनात लावते, म्हणजे पराग वाया जात नाही. मंगळागौरीला फुले दुसरी आणते. तुऱ्याला हात लावीत नाही.