शोकाच्या वेळी उडालेली हुर्यो

६ ऑक्टोबर २००७. शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये ब्लॅकहॉक्स या आइस हॉकी संघाचा त्या हंगामातला घरचा पहिला सामना होता. समोर डेट्रॉइटचा संघ, म्हणजे जुने हाडवैर. दहाच दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबरला, ब्लॅकहॉक्सचे मालक बिल वर्ट्झ यांचे निधन झाले होते. सामन्यापूर्वी महाव्यवस्थापक डेल टॅलन त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला उभे राहिले आणि क्षणभर शांतता पाळावी अशी त्यांनी विनंती केली. प्रेक्षागृहातून हुर्यो उठली. नुकत्याच वारलेल्या मालकाची त्याच्याच संघाचा गणवेश अंगावर घातलेल्या लोकांनी हुर्यो उडवली.

मंडळी, मरणाबरोबर वैर संपते ही समजूत आपल्या मातीत खोल रुजलेली आहे. हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मला तो अत्यंत असभ्य वाटला. थोडासा अजूनही वाटतो. परंतु असभ्यपणाला नाक मुरडून पुढे जाणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडत नाही. तो कुठून आला, हे विचारावे लागते. आजचा धागा त्या आवाजामागच्या चाळीस वर्षांविषयी आहे, आणि त्यानंतर याच संघाने पाळलेल्या एका वेगळ्या शांततेविषयीही.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे हॉकी म्हणजे ध्यानचंदांची नव्हे. बर्फावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने खेळली जाणारी. उत्तर अमेरिकेतील तिची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग आणि तिचे विजेतेपद म्हणजे स्टॅन्ली कप. शिकागोचा संघ १९२६ पासूनचा. १९५०च्या दशकात तो वर्ट्झ कुटुंबाच्या हाती आला. १९६१ मध्ये त्याने कप जिंकला. १९६६ मध्ये बिल वर्ट्झ अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षे, सूत्रे त्यांच्याकडे राहिली. या एक्केचाळीस वर्षांत कप एकदाही आला नाही.

पण हरणे हे या रागाचे मूळ नव्हते. उलट १९७० ते १९९७ अशी सलग २८ वर्षे हा संघ बाद फेरीत पोहोचत होता. एवढे सातत्य फार थोड्या संघांच्या वाट्याला येते. चाहत्यांचे दुखणे निराळे होते.

ब्लॅकहॉक्सचे घरचे सामने शिकागोत दूरचित्रवाणीवर दिसत नसत. बाहेरगावचे दिसत, घरचे नाही. वर्ट्झ यांचा युक्तिवाद सरळ होता: ज्यांनी पैसे मोजून हंगामाची तिकिटे घेतली, त्यांच्यावर फुकट पाहणाऱ्यांमुळे अन्याय होतो. १९५०च्या सुमारास अमेरिकेत अनेक मालक असाच विचार करत; दूरचित्रवाणी प्रेक्षागृहे ओस पाडील, ही भीती तेव्हा खरी होती. मात्र हळूहळू इतरांच्या ध्यानात आले की घरी सामना पाहणारे पोर उद्या तिकीट काढते. हा हिशेब वर्ट्झ यांना शेवटपर्यंत पटला नाही. १९९२ मध्ये त्यांनी 'हॉकव्हिजन' नावाची सशुल्क वाहिनी काढली. घरी बसून घरचा सामना पाहायचा तर वेगळे पैसे मोजा, असा तो मामला होता.

आता हे शिकागोतील एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. १९९०च्या दशकात त्याच्या शहरात मायकेल जॉर्डनचा बुल्स संघ बास्केटबॉलची अजिंक्यपदे मिळवत होता आणि ती त्याला घरबसल्या दिसत होती. बुल्स आणि ब्लॅकहॉक्स एकाच इमारतीत खेळत, १९९४ नंतर युनायटेड सेंटरमध्ये. तिथला एक भाडेकरू पडद्यावर रोज दिसे, दुसरा पडद्याआड राही. त्या मुलाने कोणाचे चित्र भिंतीवर लावले असेल, ते सांगायला नको.

चाहत्यांनी त्यांना 'डॉलर बिल' हे नाव ठेवले. 'बिल' म्हणजे नोटही आणि त्यांचे नावही. टोपणनाव चिकटायला कारणे होती. पहिले १९७२चे. बॉबी हल हा संघाचा सर्वांत मोठा खेळाडू. एका हंगामात पन्नासांहून अधिक गोल करणारा पहिला. नव्याने निघालेल्या प्रतिस्पर्धी लीगमधल्या विनिपेगच्या संघाने त्याला करारावर सही करण्याचेच दहा लाख डॉलर देऊ केले. ब्लॅकहॉक्सने तो आकडा फारसा मनावर घेतला नाही आणि हल गेला. १९९०च्या दशकात त्याची पुनरावृत्ती झाली. १९९२ मध्ये अंतिम फेरी गाठलेल्या संघातील मोठी नावे एकेक करून गेली: १९९६ मध्ये जेरेमी रोनिक, १९९७ मध्ये गोलरक्षक एड बेलफोर आणि १९९९ मध्ये ख्रिस चेलिओस. चेलिओस मूळचा शिकागोचाच, आणि त्याला पाठवले ते डेट्रॉइटला. ही जखम किती खोल होती, हे कळायला वैऱ्याच्या छावणीत गेलेल्या घरच्या सरदाराची आठवण करावी.

१९९८ मध्ये बाद फेरीची परंपरा खंडित झाली. पुढील दहा हंगामांत संघ फक्त एकदा, २००२ मध्ये, तिथवर पोहोचला.

इथे कुणी विचारील, एवढा राग होता तर लोकांनी दुसरा संघ का नाही धरला? त्याचे उत्तर लीगच्या रचनेत आहे. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, मालकाला त्याची किंमत मोजावी लागते. उत्तर अमेरिकेतील लीग बंदिस्त आहेत. कितीही हरा, श्रेणी टिकते. शिवाय प्रत्येक संघाला आपापला मुलूख आखून दिलेला असतो. शिकागोत त्या लीगचा दुसरा संघ उभाच राहू शकत नाही. वतनदारीच म्हणा ना! अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७०च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले आहे की संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोनच वाटा उरतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा त्याला निघून जाऊ देत नाही. शिकागोत बहुतेकांनी पहिली वाट धरली. २००६-०७ मध्ये वीस हजारांहून अधिक आसनांच्या त्या प्रेक्षागृहात सरासरी तेरा हजारही माणसे येत नव्हती. २००४ मध्ये ईएसपीएनने तर साऱ्या अमेरिकी व्यावसायिक खेळांतील सर्वांत वाईट संघ म्हणून ब्लॅकहॉक्सचे नाव घेतले.

दुसरी वाट धरणाऱ्यांत एक वकील होता, आणि माझ्या मते या कथेतील सर्वांत वाचनीय माणूस तोच आहे. मार्क वाइनबर्ग. १९९१ पासून १९९७ पर्यंत तो सामन्याच्या दिवशी रस्त्यावर उभा राहून 'द ब्लू लाइन' नावाची पुस्तिका विकत असे. संघाच्या अधिकृत माहितीपत्रकाला तो पर्याय होता, आणि त्यात व्यवस्थापनाची यथेच्छ टिंगल असे. संघाने या पुस्तिकेच्या प्रतिनिधींना पत्रकार म्हणून प्रवेश नाकारला. ते भांडण १९९५ मध्ये इलिनॉय राज्याच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. २००० साली वाइनबर्गने वर्ट्झ यांच्यावर अख्खे पुस्तकच लिहून स्वतः छापले. नाव 'करिअर मिसकंडक्ट'. हॉकीत गैरवर्तनासाठी खेळाडूला ठरावीक मिनिटे बाहेर बसवतात. इथे गैरवर्तन कारकिर्दीभराचे.

हे पुस्तकही तो युनायटेड सेंटरबाहेरच्या पदपथावर विकू लागला. २००१ मध्ये पोलिसांनी त्याला हटकले. शहराच्या नियमाप्रमाणे त्या इमारतीच्या एक हजार फुटांच्या परिसरात फेरीवाल्यांना बंदी होती. वर्तमानपत्रे विकता येत, पुस्तक नाही. वाइनबर्गने शिकागो शहरावर खटला भरला. खालच्या न्यायालयात तो हरला. २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निकाल फिरवला: एक माणूस पुस्तक विकत उभा राहिल्याने गर्दीची कोंडी होते याचा ठोस पुरावा शहराने दिलेला नाही, आणि ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करते.

मला या खटल्याचे मोल वाटते ते साधन म्हणून. दप्तरांत धन्याचे हिशेब नीट लागतात. रयतेचा वैताग मात्र फिर्यादींतून वाचावा लागतो. प्रेक्षागृहातला आवाज कुठल्याच कागदावर उरत नाही. तो इथे, पदपथाच्या रुंदीवर चाललेल्या एका वादामुळे, न्यायालयाच्या निकालपत्रात शिल्लक राहिला आहे. 'वाइनबर्ग विरुद्ध शिकागो शहर' हा निकाल जरूर शोधून वाचा.

वर्ट्झ यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांना ओळखणारे त्यांच्या दानशूरतेच्या आणि नोकरमाणसांना धरून राहण्याच्या आठवणी सांगत. युनायटेड सेंटर त्यांनी आणि बुल्सच्या मालकांनी खासगी पैशातून उभारले. दुसऱ्या शहराने जास्त पैसे दाखवले की संघच उचलून नेणारे मालक त्या काळात होते. वर्ट्झ यांनी तसे केले नाही. हा माणूस खलनायक नव्हता. बापाकडून आलेले वतन जुन्या रीतीने सांभाळणारा, आणि काळ बदलला हे मान्य न करणारा धनी होता. मात्र सत्तेचा उपयोग त्यांना चांगला कळे. त्यांचा एक मोठा धंदा मद्यवितरणाचा. १९९९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने मद्य उत्पादकांना वितरक बदलणे अवघड करणारा कायदा केला, तेव्हा लोकांनी त्याला सरळ 'वर्ट्झ कायदा' म्हटले. पुढे संघीय न्यायालयाने त्याला मनाई केली.

तर हे सारे त्या २००७च्या हुर्योमागे होते.

पुढचे बदल आश्चर्य वाटावे इतक्या झपाट्याने झाले. थोरले चिरंजीव रॉकी वर्ट्झ यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी शिकागोच्या बेसबॉल संघातून जॉन मॅक्डोनो यांना अध्यक्ष म्हणून आणले आणि त्याच हंगामात घरचे काही सामने दूरचित्रवाणीवर दाखवले; पुढच्या हंगामात सगळेच. रुसलेले बॉबी हल आणि स्टॅन मिकिता संघाचे राजदूत म्हणून परतले. जोनाथन टेव्झ आणि पॅट्रिक केन हे कोवळे खेळाडू नुकतेच आले होते, तेही जुन्या राजवटीत निवडलेले, हे विसरू नये. २००८ पासून तिकीटबारीवर 'सर्व जागा भरल्या' अशी पाटी लागू लागली. ९ जून २०१० रोजी केनच्या जादा वेळेतील गोलने एकोणपन्नास वर्षांनी कप आला. त्यानंतर २०१३ आणि २०१५ मध्येही. मालक चेष्टेचा विषय होता, तो आता शहराचा लाडका झाला.

बहुतेक लेखक इथे थांबतात. काही वर्षांपूर्वी हा धागा लिहिला असता तर मीही थांबलो असतो.

२६ ऑक्टोबर २०२१ रोजी एका विधिसंस्थेने केलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये संघातील एका तरुण खेळाडूने चित्रफीत-प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. २३ मे २०१० रोजी, म्हणजे संघाने अंतिम फेरी गाठली त्याच दिवशी, वरिष्ठ व्यवस्थापनाची त्यावर बैठक झाली. मॅक्डोनो तिला हजर होते. त्यानंतर तीन आठवडे काहीही केले गेले नाही. तो प्रशिक्षक अंतिम सामन्यांत संघासोबत राहिला, विजयोत्सवात मिरवला, कपावर त्याचे नाव कोरले गेले. मग त्याला राजीनाम्याची मुभा मिळाली. पुढे मिशिगनमध्ये एका अल्पवयीन मुलावरील लैंगिक गुन्ह्यासाठी तो दोषी ठरला. रॉकी वर्ट्झ यांना २०१० मध्ये हे ठाऊक असल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. लीगने संघाला वीस लाख डॉलरचा दंड केला.

मे-जून २०१०च्या त्या दिवसांत युनायटेड सेंटर तुडुंब भरलेले होते. शहरात कुणाचीही कसलीही तक्रार नव्हती. पदपथावर उभे राहून व्यवस्थापनाला टोचणारी पुस्तिका विकण्याची गरज कुणाला वाटावी, असे काही दिसतही नव्हते. थोरल्या वर्ट्झ यांचे सगळे दोष उघड्यावर होते. जो टीव्ही लावी त्याला कळत. या नव्या, हसतमुख, कार्यक्षम राजवटीने जे झाकले, ते प्रेक्षागृहातील कुणालाच ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून मी चाहत्यांना दोष देत नाही. पण २००७ची हुर्यो मला आता पूर्वीइतकी खुपत नाही, हे खरे.

तेरा वर्षे लागणारी ती पाटी ऑक्टोबर २०२१ मध्येच, अहवाल येण्याच्या सुमारास, उतरली. संघ पुन्हा हरू लागला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये चाहत्यांसाठी भरवलेल्या एका जाहीर सभेत पत्रकारांनी विचारले, की असे पुन्हा घडू नये म्हणून काय केले? रॉकी वर्ट्झ उसळले आणि यावर आम्ही बोलणार नाही, असे सांगून त्यांनी विषय तोडला. त्याच रात्री त्यांनी क्षमायाचनेचे निवेदन काढले.

कपावरचे त्या प्रशिक्षकाचे नाव मात्र त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यांच्याच विनंतीवरून झाकले गेले होते. चांदीवर कोरलेले अक्षर पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षरावर फुलीचा ठसा मारला. टोरांटोच्या हॉकी संग्रहालयात कप पाहायला मिळाला, तर २०१०च्या नावांमध्ये फुल्यांची ती रांग दिसेल.