मोसॅक फोन्सेका

परदेशी कंपन्या, न्यास आणि प्रतिष्ठाने स्थापून त्यांचा कागदोपत्री कारभार सांभाळणारी पनामातील विधिसंस्था (१९७७–२०१८). मुख्य कचेरी पनामा सिटीत. भरभराटीच्या काळात तिच्या सुमारे ४० कचेऱ्या होत्या आणि त्यांत पाचशेहून अधिक माणसे काम करत.  ती मुख्यतः नाव पुरवत असे. मालमत्ता एकाची आणि नाव दुसऱ्याचे, या व्यवहाराला आपल्याकडे बेनामी म्हणतात. मोसॅक फोन्सेकाने त्याचा कायद्याच्या चौकटीत बसणारा जागतिक कारखाना उभारला.

संस्थापक युर्गेन मोसॅक यांचा जन्म १९४८ मध्ये जर्मनीत झाला. पुढे त्यांचे कुटुंब पनामात येऊन स्थायिक झाले. त्यांनी १९७७ मध्ये वकिलीची संस्था काढली. रामोन फोन्सेका (१९५२–२०२४) हे पनामाचेच. त्यांची छोटी संस्था १९८६ मध्ये मोसॅक यांच्या संस्थेत विलीन झाली. फोन्सेका कादंबरीकारही होते आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार म्हणून राजकारणातही वावरत. धंद्याला जमीन आधीपासून तयार होती : पनामाचा १९२७ चा कंपनी कायदा परदेशात कमावलेल्या पैशाकडे काणाडोळा करणारा होता.

संस्थेच्या कामाची रीत साधी होती. एखाद्या बँकेने किंवा वकिलाने मागणी केली, की आधीच नोंदवून फळीवर ठेवलेली तयार कंपनी त्याच्या हवाली होई. कंपनीच्या कागदांवर नामधारी संचालकांच्या सह्या असत. एकेका संचालकाच्या नावावर हजारो कंपन्या असत. खऱ्या मालकाकडे मुखत्यारपत्र जाई आणि त्याच्या जोरावर तो बँकेतले खाते चालवी. धारकाचे समभाग ही आणखी एक सोय होती. या समभागांवर मालकाचे नावच नसे. कागद ज्याच्या हाती, कंपनी त्याची. खासगी प्रतिष्ठानांबाबत तर संस्थेने लाभार्थी म्हणून रेडक्रॉसचे नाव परस्पर टाकल्याचे पुढे उघड झाले. रेडक्रॉसला याची कल्पनाही नव्हती.

संस्थेने नोंदवलेल्या कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १,१३,००० हून जास्त, ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या होत्या. पण तिची चतुराई खरी दिसली ती नियूए या प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटावर. तिथली लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास. १९९४ मध्ये संस्थेने बेटाच्या सरकारला परदेशी कंपन्यांचा कायदा तयार करण्यास मदत केली आणि त्या बदल्यात कंपनीनोंदणीचा वीस वर्षांचा मक्ता मिळवला. चिनी किंवा रशियन लिपीतही कंपनीचे नाव नोंदवता येई. काही वर्षांत सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग नोंदणी शुल्कातूनच येऊ लागला. २००१ मध्ये काही अमेरिकी बँकांनी नियूएशी व्यवहार थांबवले आणि पुढे संस्थेने आपले बिऱ्हाड सामोआला हलवले. व्हर्जिन बेटांनी २००५ मध्ये धारकाच्या समभागांवर बंधने आणल्यावरही हेच घडले. तो धंदा आधी पनामाकडे आणि नंतर अँग्विलाकडे वळला. एका ठिकाणचा कायदा कडक झाला, की गिऱ्हाईक शेजारच्या बेटावर नेऊन बसवायचे, हेच खरे तिचे कौशल्य होते.

अशी कंपनी बाळगणे बहुतेक देशांत गुन्हा नाही. ती करचुकवेगिरीसाठी किंवा लाचेच्या पैशासाठी वापरणे हा गुन्हा आहे. फोन्सेका आपल्या संस्थेची तुलना मोटारीच्या कारखान्याशी करत : गाडीने कोणी अपघात केला तर कारखानदार दोषी कसा? युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण गाडी कोणाला विकली हे कारखानदाराला माहीत असावे, अशी अपेक्षा कायदा करतो, आणि संस्था नेमकी तिथेच उघडी पडली. २०१५ च्या एका अंतर्गत तपासणीत सेशल्समधील १४,०८६ कंपन्यांपैकी केवळ २०४ कंपन्यांचे खरे मालक संस्थेला ठाऊक असल्याचे आढळले.

एका अनाम व्यक्तीने संस्थेची कागदपत्रे म्युनिकच्या ‘झ्यूडडॉइचे त्साइटुंग’ या वृत्तपत्राकडे पोचवली. १.१५ कोटी दस्तऐवज, आकार २.६ टेराबाइट, आणि त्यांत २,१४,४८८ कंपन्या व न्यासांची माहिती. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अनेक देशांतील पत्रकारांकडून त्यांची छाननी करवून घेतली. ३ एप्रिल २०१६ पासून ‘पनामा पेपर्स’ या नावाने बातम्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आइसलँडच्या पंतप्रधानांना दोन दिवसांत पायउतार व्हावे लागले. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांना अपात्र ठरवले, त्या प्रकरणाची सुरुवातही याच कागदांतून झाली.

भारतात ही छाननी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने केली, सुमारे पाचशे भारतीयांची नावे त्यात निघाली. नावे आली म्हणून सगळे दोषी ठरत नाहीत. भारतीय व्यक्तींना परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशात कंपनी स्थापण्याची मुभा ऑगस्ट २०१३ मध्ये मिळाली. त्यामुळे कंपनी कधी काढली, पैसा कुठून गेला आणि तो विवरणपत्रात दाखवला का, या प्रश्नांवर चौकशीचा भर राहिला. ‘पनामा’ आणि त्यानंतर अशाच फुटलेल्या ‘पॅराडाइज पेपर्स’ या दोन्ही प्रकरणांत मिळून ऑक्टोबर २०२१ पर्यंत ९३० भारतसंबंधित व्यक्ती व संस्थांच्या बाबतीत २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित रकमा आढळल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

ब्राझीलमधील लाचखोरीच्या तपासाच्या अनुषंगाने दोन्ही भागीदारांना फेब्रुवारी २०१७ मध्ये पनामात अटक झाली. एप्रिलमध्ये ते जामिनावर सुटले. मार्च २०१८ मध्ये संस्थेने कारभार बंद करत असल्याचे जाहीर केले. ‘पनामा पेपर्स’चा पनामातील खटला एप्रिल २०२४ मध्ये उभा राहिला. त्यात मोसॅक यांच्यासह सर्व आरोपी २८ जून २०२४ रोजी निर्दोष सुटले. संस्थेच्या संगणकांवरून मिळवलेला पुरावा रीतसर हाताळला गेला नसल्याचे न्यायालयाने म्हटले. फोन्सेका त्याआधी ८ मे रोजी पनामातील एका रुग्णालयात निधन पावले होते.