जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकांत मोटारगाडीवर निबंध पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. देवळाचा इतिहास, धर्मगुरूंचीं चरित्रें, शाळेचा व दवाखान्याचा वृत्तांत हे विषय येथें शोभतात. गंजून पडलेल्या मोटारीस येथें काय स्थान, असें कोणीहि विचारील. परंतु ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानीं घेतला असतां ही शंका उरत नाहीं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं कर्णा वाजवावा, हातची गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, दास्यांत पडलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुटुंबांत परतावा, असा तो नियम होता. हरपलेलें परत मिळणें हें ज्युबिलीचें मर्म होय. आमच्या देशाच्या कायद्यानेंहि जुन्या मोटारीस मान देतांना पन्नास वर्षांचीच मर्यादा घातली आहे. त्याचा विचार पुढें येईलच. टाकून दिलेली गाडी पुन्हां रस्त्यावर कशी येते, तिला लागणारे सुटे भाग कोठून मिळतात, आणि त्यापासून आम्हीं काय बोध घ्यावा, एवढेंच येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत बहुतेक गाड्या हातानेंच जुळविल्या जात. कारागीर कानस घेऊन प्रत्येक भाग शेजारच्या भागाशीं जुळेपर्यंत घाशीत बसे. म्हणून एका गाडीचा भाग दुसरीस बसेलच असा भरंवसा नसे. अशा गाडीचा एखादा भाग मोडला तर तो बनविणाऱ्यासच शोधीत जावें लागे, आणि तो बनविणारा निवर्तला कीं गाडीचेंहि आयुष्य संपे. ही अडचण दूर करणारी एक परीक्षा १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानावर झाली. हेन्री लेलंड या गृहस्थांनीं तरुणपणीं बंदुकांच्या कारखान्यांत काम करून बिनचूक मापाचें शिक्षण घेतलें होतें. पुढें ते अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्या कंपनीच्या एक सिलिंडरच्या तीन गाड्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं पार सुट्या करण्यांत आल्या. तिन्ही गाड्यांचे भाग एका ढिगांत मिसळले. त्यांतून ८९ भाग काढून घेऊन त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कोठींतील नवे भाग ठेवले. आणि मग केवळ पाने व पेचकस यांच्या साह्यानें त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या केल्या. कानशीचा उपयोग करावयाचा नाहीं अशी अट होती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या व ५०० मैल धावल्या. या कामगिरीबद्दल कंपनीस ड्यूअर चषक मिळाला.

त्याच वर्षीं, १ ऑक्टोबर १९०८ रोजीं, डेट्रॉइट येथें हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी विक्रीस निघाली. १९१३ सालीं फोर्ड यांनीं आपल्या कारखान्यांत सरकत्या जोडणीची पद्धत आणली. १९२७ सालच्या मे महिन्यापर्यंत या एकाच जातीच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. आरंभीं ८५० डॉलर असलेली किंमत उतरत उतरत ३०० डॉलरच्या खालीं आली, आणि शेतकरी, डॉक्टर व खेडोपाडीं हिंडणारे धर्मोपदेशक यांच्या हातीं मोटार आली. शंभर वर्षें होत आलीं तरी या गाडीचे टायर, गास्केटें, बेअरिंगें व इतर असंख्य भाग अमेरिकेंत नव्यानें तयार होतात. श्रीमंतांसाठीं घडविलेल्या कित्येक गाड्यांचा एखादा दट्ट्या मिळणें दुर्घट. गरिबाची फोर्ड मात्र आजहि सहज दुरुस्त होते.

वर्षानुवर्षें गोठ्यांत अथवा झाडाखालीं पडून राहिलेल्या अशा फोर्ड गाडीचेंच उदाहरण घेऊं. तिच्या एंजिनाचे चारहि सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत आहेत. शक्ति सुमारें २० अश्वांची. पेट्रोल चढविण्यास पंप नाहीं, तें टांकींतून आपल्या भारानेंच खालीं येतें. पहिल्या कांहीं गाड्या सोडल्या तर पाणी फिरविण्यासहि पंप नाहीं. तापलेलें पाणी वर चढतें व रेडिएटरमध्यें निवून खालीं उतरतें. वंगणाचें तेल फिरत्या भागांनीं उडून सर्वत्र पोंचतें. यंत्र इतकें साधें असल्यामुळें त्याचे रोगहि ओळखण्यास सोपे आहेत.

अशी गाडी हातीं येतांच उतावीळ मनुष्य पहिल्यानें हँडल मारावयास धांवतो; तसें कदापि करूं नये. सिलिंडरच्या भिंती गंजून दट्टे जाम झालेले असतात, आणि जोर केल्यास कड्या तुटतात किंवा दांडा वांकतो. प्रथम चारहि स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून तेल व घासलेट यांचें मिश्रण सोडावें आणि कांहीं दिवस स्वस्थ बसावें. मधून मधून हँडल हलकेंच हलवून पाहावें. आज न हललेलें एंजिन आठवड्यानें तसूभर हलतें, आणि एकदां हललें म्हणजे बहुधा पूर्ण फिरतें. तोंपर्यंत इतर कामें करावीं. तळाचें काळें तेल काढून टाकावें. टांकींतील पेट्रोल वाळून त्याचा डिंकासारखा थर झालेला असतो. तो खरवडून नळी व कार्ब्युरेटर धुवावा. रेडिएटरमधील गंज व चिखल पाण्याच्या धारेनें बाहेर काढावा. झडपा आपल्या वाटेंत अडकल्या आहेत काय तें पाहावें. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा सर्व बदलाव्या. या कामांत काटकसर केली तर गाडीस आग लागण्याचें भय असतें.

यानंतर ठिणगीची पाळी. या गाडीच्या गतिचक्रावर १६ लोहचुंबक बसविलेले आहेत; चक्र फिरलें म्हणजे वीज उत्पन्न होते व ती लांकडी पेटींतील चार कॉइलांकडे जाते. चुंबक दीर्घ काळानें क्षीण होतात व त्यांस पुन्हां चुंबकत्व द्यावें लागतें. कॉइलांच्या आंतील मेणकागदाचे कंडेन्सर दमट हवेनें निकामी होतात; ते काढून नवे घालावे लागतात. आमच्या किनारपट्टीच्या हवेंत तर लांकूड, चामडें व कापूस यांपैकीं कांहींच निर्धास्त राहत नाहीं. गति बदलण्याच्या पट्ट्यांना आंतून कापसाचें अस्तर असतें, चाकांचे आरे लांकडी असतात. दोन्ही तपासल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये. मुख्य दांड्याचीं बेअरिंगें कथील, अँटिमनी व तांबें यांच्या मऊ मिश्रधातूचीं असतात. तीं झिजलीं तर तो धातु वितळवून जागेवर ओतावा लागतो व हातानें खरवडून दांड्याशीं जुळवावा लागतो. ही विद्या जाणणारे मिस्त्री दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

सर्व सिद्ध झाल्यावर हातब्रेक मागें ओढून, ठिणगीची दांडी वर सारून, हँडल डाव्या हातानें धरावें. आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावें. एंजिन उलटें फिरलें तर हँडल उसळतें, आणि आंगठा पलीकडे असेल तर हात मोडतो. कित्येक पूर्वजांनीं हा धडा हाड मोडून घेऊन शिकला आहे. नव्या काळानें आणखी एक सावधगिरी शिकविली आहे. भारतांत २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रघात पडला. जुन्या कार्ब्युरेटरांतील बुचाच्या तरंगास लाखेचा लेप असतो व मद्यार्क लाख विरघळवितो. म्हणून तो लेप बदलावा, अथवा दुसऱ्या पदार्थाचा तरंग बसवावा.

आतां सुट्या भागांकडे वळूं. मुंबई प्रांताचा व या गाड्यांचा संबंध जुना आहे. फोर्ड कंपनीची हिंदुस्थानांतील शाखा १९२६ सालीं निघाली, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना उघडला. खोक्यांत भरून आलेले भाग येथील कामगार जोडीत. म्हणजे त्या काळीं आमच्या लोकांस मोटारीची पहिली ओळख सुट्या भागांच्या रूपानेंच झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारनें गाड्या येथेंच बनविण्याचा आग्रह धरला, आणि १९५४ पर्यंत या दोन्ही कंपन्यांनीं येथील काम आंवरतें घेतलें. पुढें आयातीवर निर्बंध आले व जुन्या परदेशी गाड्यांचे मालक निराधार झाले. तेव्हां त्यांनीं तीन वाटा चोखाळल्या.

पहिली वाट जुन्या बाजाराची. मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याचीं भंगाराचीं दुकानें, पुण्याची नाना पेठ येथें मोडलेल्या गाड्यांचे भाग निवडून विकले जात. या वाटेनें जाणाऱ्यानें हातांत जुना भाग, खिशांत माप घेण्याचें कॅलिपर व अंगीं चिकाटी बाळगावी; नाम सांगून वस्तु मिळत नाहीं, नमुना दाखवून मिळते. दुसरी वाट नवा भाग घडविण्याची. मोडका भाग नमुना म्हणून घेऊन सुतारानें लांकडी सांचा करावा, ओतारानें धातु ओतावा व लेथवाल्यानें तो मापास आणावा. धातु निवतांना आकसतो, म्हणून सांचा किंचित् मोठा धरावा लागतो. हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचा भाग नेहमीं लहान येतो. तिसरी वाट तडजोडीची. दुसऱ्याच गाडीचा भाग घेऊन तो बसवावयाचा. कित्येक भव्य अमेरिकन गाड्यांच्या पोटांत जीपचें अथवा डिझेलचें एंजिन गेलें तें या रीतीनें. क्यूबा बेटांतहि १९६० नंतर अमेरिकेचा व्यापार बंद पडल्यावर लोकांनीं हेंच केलें.

या तिसऱ्या वाटेस कांहीं पंडित नांवें ठेवितात. आम्हांस त्यांत निंदा करण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. ज्यांनीं गाडी चालती ठेविली त्यांनींच ती वांचविली. तथापि ज्यास आज जीर्णोद्धार करावयाचा आहे त्यानें मात्र विचार करावा. जितके भाग बदलावे तितकी गाडी मूळ गाडीपासून दूर जाते, आणि अखेर नुसतें नांव व पत्र्यावरील क्रमांक उरतो. १९६६ सालीं स्थापन झालेल्या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें पुढें ट्युरिन शहराच्या नांवानें एक सनद तयार केली. जें टिकण्याजोगें आहे तें प्रथम टिकवावें, बदल अपरिहार्य असेल तेवढाच करावा, व केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. आमच्या सरकारच्या २०२१ सालच्या जुलै महिन्यांतील नियमांचाहि रोख हाच आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें, सांगाडा, कवच व एंजिन यांत मोठा फेरफार न केलेलें वाहन ‘व्हिंटेज’ ठरतें. त्यास ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठरविलें. अशी गाडी प्रदर्शन, संचलन वा दुरुस्ती यांसाठीं काढावी. रोजच्या अथवा धंद्याच्या कामास ती जुंपूं नये.

ख्रिस्तसभेनें या वाहनास कधीं परकें मानलें नाहीं. रोमी विधिपुस्तकांत वाहनास आशीर्वाद देण्याची प्रार्थना आहे, आणि तींत रथांत बसून शास्त्र वाचणाऱ्या इथिओपियन गृहस्थाचें व त्यास श्रद्धा देणाऱ्या फिलिपाचें स्मरण केलें आहे. ११ वे पायस महाराज यांनीं १९२५ सालीं रोमच्या संत फ्रान्सिस्का यांस मोटार चालविणाऱ्यांच्या आश्रयदात्या नेमिलें. त्याच वर्षीं आफ्रिकेंत ओटो फुरमान नांवाचे एक मिशनरी आजारी पडून, वेळेवर वैद्यापर्यंत पोंचतां न आल्यामुळें मरण पावले. त्यांचे मित्र फादर पाउल शुल्टे यांनीं त्या दुःखांतून १९२७ सालीं जर्मनींत ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनऱ्यांस मोटारी, नावा व विमानें पुरविणें हें तिचें कार्य. वाहन बंद पडणें म्हणजे रोग्यास औषध न मिळणें व मरणाऱ्यास अंत्य अभ्यंग न लाभणें, हें त्यांनीं ओळखलें होतें. वाहन चालतें ठेवणारा मिस्त्रीहि या अर्थानें सेवकच होय.

जुनी गाडी एका मनुष्याच्या बुद्धीनें उठत नाहीं. तिचा एक भाग भंगारवाल्यानें जपलेला असतो, एक ओतारानें ओतलेला, एक सुतारानें घडविलेला. आणि ज्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं अशा एखाद्या कामगारानें शतकापूर्वीं माप बिनचूक राखलेलें असतें म्हणूनच हे सर्व एकमेकांत बसतात. संत पौलानें एका शरीराच्या अनेक अवयवांचा जो दृष्टांत दिला आहे तो समजण्यास याहून सोपें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. धर्मग्रामाचेंहि असेंच आहे. पूर्वजांनीं उभारलेलें देऊळ, त्यांची गाणीं, त्यांची बोली हें सर्व पुष्कळ हातांनीं जपलें तरच चालतें राहतें. त्यांतील काय जसेंच्या तसें ठेवावें व काय नवें घालावें, हा निवाडा आम्हांसहि करावयाचा आहे.

म्हणून वाचकांस आमची एक विनंति आहे. कोणाच्या वाड्यांत, गोठ्यांत वा माळ्यावर जुनें वाहन अथवा जुनें यंत्र पडलें असेल तर तें भंगारांत देण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या वृद्ध मिस्त्रीस बोलावून दाखवावें. तो तें कसें उघडतो, कोठें तेल सोडतो, काय कानानें ओळखतो हें तरुणांनीं जवळ उभें राहून पाहावें व लिहून ठेवावें. सुटे भाग परदेशांतून मागवितां येतील. त्या वृद्धाच्या हातांतील विद्या मात्र कोठूनहि मागवितां यावयाची नाहीं.