कोऱ्या जागेची कथा

अक्षरांच्या उत्पत्तीविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु दोन शब्दांमधील कोऱ्या जागेचें चरित्र लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. जेथें कांहीं लिहिलेलेंच नाहीं, त्याचा इतिहास तो काय असावयाचा, असें वाटणें स्वाभाविक आहे. तथापि ही जागा लेखनाबरोबर जन्मास आलेली नाहीं. आणि ती राखावी कीं टाकावी, हा प्रश्न तर अगदीं आपल्या काळांत, संगणकाच्या दरबारांत, नव्यानें उभा राहिला.

प्राचीन ग्रीक ग्रंथ बहुधा सलग लिहिले जात. रोमन लोक आरंभीं शब्दांमध्यें ठिपके देत. पुढें ग्रीकांचें पाहून त्यांनींही ती चाल सोडली. ज्याची ती मातृभाषा, त्यास वाचतां वाचतां शब्द उकलत. परंतु आयर्लंडच्या ख्रिस्ती मठांतील लेखकांस लॅटिन ही परकी भाषा होती. त्यांनीं सातव्या-आठव्या शतकांत शब्दांमध्यें जागा सोडण्याचा प्रघात पाडला, आणि तो हळूहळू युरोपभर पसरला. परक्या वाचकाची अडचण हीच या सुधारणेची जननी होय.

आमच्याकडे मोडी लिहिणारा कारकून आधीं कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं अक्षरें लावीत जाई. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. ‘तोरणावर गेला’ हीं अक्षरें सलग आलीं, तर कोणी तोरणा किल्ल्यावर गेला कीं तो रणावर गेला, हें मागचापुढचा मजकूर पाहून वाचणारानें ठरवावयाचें. छापखान्यानें ही मोकळीक संपविली. जुळारी खिळे लावतांना शब्दाशब्दांमध्यें, शाई न लागणारा ठेंगणा तुकडा बसवूं लागला. कोरी जागा ही आतां हातांत धरतां येण्यासारखी वस्तु झाली.

संगणकानें या वस्तूस अंक दिला. इ. स. १९६३ च्या अमेरिकन सांकेतिक तक्त्यांत कोऱ्या जागेस ३२ हा क्रमांक मिळाला. टॅबच्या आणि ओळ बदलण्याच्या खुणांसही असेच क्रमांक मिळाले. यंत्राच्या दृष्टीनें ‘कांहीं नाहीं’ याचें ‘कांहीं तरी’ झालें.

खरी अडचण पुढेंच होती. मजकुरांत शीर्षक कोणतें, नांव कोणतें, कडवें कोणतें, हें खुणांनीं सांगणारी पद्धति १९६९ सालीं आयबीएम कंपनींत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनीं रचली. तिच्यापासून निघालेली एसजीएमएल ही खूणभाषा १९८६ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. अशा मजकुरांत कोरी जागा दोन प्रकारची असते. एक शब्दांची व चरणांची. दुसरी, खुणा नीट दिसाव्या म्हणून लिहिणारानें केवळ आपल्या सोयीसाठीं घातलेली. यंत्रास दोन्ही सारख्याच. एसजीएमएलनें खुणांमुळें उत्पन्न झालेले ओळींचे शेवट वगळण्याचे नियम केले. पण ते इतके किचकट कीं जाणतेही त्यांत चकत.

१० फेब्रुवारी १९९८ रोजीं टिम ब्रे, जाँ पाओली आणि स्परबर्ग-मॅक्वीन यांनीं संपादिलेली एक्सएमएल ही खूणभाषा प्रसिद्ध झाली. तिनें साधा नियम केला: खुणा वगळून जें जें अक्षर असेल, मग तें कोऱ्या जागेचें कां असेना, तें तें वाचणाऱ्या यंत्रानें पुढच्या आज्ञावलीच्या स्वाधीन करावें. ‘येथील जागा राखावी’ अशी इच्छा लेखकास एका विशेष खुणेनें कळवितां येते. पण ती इच्छाच. तात्पर्य, निरोप्यानें पत्रांतला मजकूर गाळूं नये. काय टाकावें तें ज्यास अर्थ कळतो त्यानें ठरवावें.

ग्रंथाचें रूपांतर करणारी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ च्या नोव्हेंबरांत आली. तिचाही दंडक असा कीं, मूळ ग्रंथांतील जागा आपण होऊन काढावयाची नाहीं. काढणें असेल तर कोणत्या घटकांतून, तें स्पष्ट सांगावें. हा दंडक न जाणतां सरसकट झाडलोट करणारास काय फळ मिळतें? ‘रामचंद्र’ हें एका खुणेंत, ‘जोशी’ हें दुसरींत, आणि मध्यें केवळ कोरी जागा. ती झाडली कीं पानावर ‘रामचंद्रजोशी’ नांवाचा नवाच गृहस्थ अवतरतो! तसेंच, चरण केवळ ओळ बदलून वेगळे ठेविलेल्या ओवीवर जागा आवळण्याची क्रिया चालविली, तर चारी चरण एका ओळींत येऊन ती गद्य दिसूं लागते.

यावर विद्वानांनीं शोधलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. १९८७ पासून चाललेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमांत काव्याच्या प्रत्येक ओळीस स्वतंत्र खूण देतात. अर्थ नुसत्या जागेवर टांगून ठेवीत नाहींत. मोडी दप्तरांचें देवनागरी रूप संगणकांत घालणारांनीं हा धडा विशेष घ्यावा. मूळ कागदांत नसलेली जी जागा आपण शब्दांमध्यें सोडतों, ती त्या कारकुनाची नव्हे. तो आपण केलेला अर्थनिर्णय आहे. तो तसा नोंदविला नाहीं, तर शंभर वर्षांनीं ‘तो रणावर गेला’ हेंच मूळचें वाक्य ठरेल, आणि बिचारा तोरणा चढून गेलेला माणूस कायमचा लढाईंत हरवेल.