विभक्तीची वाट : पालीपासून भीमाकाठापर्यंत

मंद्रूपच्या परिसरात हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीना संगमावर संगमेश्वराचे मंदिर आहे. तेथील शके ९४० (इ. स. १०१८) चा लेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. त्याच्या वाचनात सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांचे कार्य मोलाचे आहे. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, असा त्यातील मराठी ओळीचा आशय. लेख मंदिराचा, पण त्यातील 'वाचणे' व 'होणे' ही क्रियापदे पालीतील 'वाचेति' व 'होति' यांच्याच कुळातील आहेत.

पालीत शब्दाचे कार्य त्याच्या अंती असलेला प्रत्यय सांगतो. 'बुद्धो धम्मं देसेति' हे वाक्य 'धम्मं बुद्धो देसेति' असे फिरविले तरी उपदेशक बुद्धच राहतो. कारण 'ओ' कर्ता दाखवितो, 'अं' कर्म. मराठीत हे प्रत्यय झिजले. 'बुद्धस्स' यासारख्या षष्ठीच्या रूपाशी अभ्यासक आपल्या 'बुद्धा-' या सामान्यरूपाचा संबंध जोडतात. त्यापुढे 'ला', 'ने', 'चा' लागून नवी विभक्ती उभी राहिली. इंग्रजीत नामांचे प्रत्यय बहुतांशी लोपले; तेथे शब्दांचा क्रमच कर्ता व कर्म ठरवितो.

या सीमाभागात कानडीही बोलली जाते. 'बुद्धनु धर्मवन्नु बोधिसिदनु' या वाक्यात प्रत्यय आहेत आणि क्रियापद मराठीप्रमाणे अखेरीस आहे. कानडी द्राविड कुळातील, तरी क्रम आपल्यासारखा. इंग्रजी मराठीच्याच भारत-युरोपीय कुळातील, तरी क्रम निराळा. तेव्हा शब्दक्रम केवळ कुळावरून ठरत नाही. भाषेवरून माणसांचे वंश व श्रेणी लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आम्हांस हा विषय केवळ व्याकरणाचा वाटत नाही. वंदनेतील 'भगवतो' हे रूप 'बुद्धो'सारखे दिसते, म्हणून ते सहज कर्त्याचे वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ 'भगवंतांना' असा आहे. त्रिशरणातील 'बुद्धं' याचा अनुस्वार गाळला तर द्वितीया जाऊन संबोधन उरते.

बाबासाहेबांचे पाली व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. तथापि प्रत्ययाचा अर्थ विहारात बसून आपणच शिकावयाचा आहे. पाठ अर्थावाचून राहिला की अर्थ सांगणारा मध्यस्थ निर्माण होतो. आणि १९५६ साली आपण नाकारला तो मध्यस्थच.