रेडिओवरची हाक आणि बायकांचा प्रश्न

आज आम्ही तुम्हाला फिलिपिन्स देशाची गोष्ट सांगणार आहोत. तिथले बहुतेक लोक कॅथलिक ख्रिस्ती. चर्चचा शब्द घराघरांत पोचतो, म्हणून राज्यकर्त्यांनाही तो कानाआड करता येत नाही.

हायमे सिन यांचा जन्म १९२८ सालचा. सोळा भावंडांतले ते चौदावे. १९७४ साली ते राजधानी मनिलाचे आर्चबिशप झाले आणि १९७६ साली कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान. स्वभाव मिश्कील. इंग्रजीत 'सिन' म्हणजे पाप, घरी आलेल्या पाहुण्यांना ते हसत म्हणत, "या, पापाच्या घरात स्वागत!"

देशावर तेव्हा मार्कोस यांची हुकूमशाही होती. १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा लावला, विरोधकांना तुरुंगात टाकलं, वर्तमानपत्रं बंद केली. सिन यांनी आधी सावध वाट धरली: चांगल्या कामाला साथ, चुकीला विरोध. पण १९८३ साली विरोधी नेते बेनिग्नो अकिनो परदेशातून परतले आणि विमानतळावरच त्यांना गोळी घातली गेली. मग सिन यांचा आवाज चढत गेला.

फेब्रुवारी १९८६ मध्ये निवडणूक झाली. मार्कोसविरुद्ध उभ्या होत्या अकिनोंच्या पत्नी कोराझोन. भांडणाऱ्या विरोधकांना त्यांच्यामागे एकत्र आणण्यात सिन यांचा हात होता. मतमोजणीत घोळ दिसताच संगणकावर बसलेले तीसहून अधिक कर्मचारी काम टाकून बाहेर पडले. त्यांत बऱ्याच बायका होत्या.

२२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री आणि एक मोठे सेनाधिकारी मार्कोसविरुद्ध फिरले. त्यांच्यावर हल्ला होणार हे दिसत होतं. त्या रात्री सिन चर्चच्या 'रेडिओ व्हेरितास'वरून बोलले: घराबाहेर पडा, त्यांना अन्न द्या, त्यांचं रक्षण करा. लोक निघाले. लाखो लोकांनी रस्ता भरला. धर्मभगिनी हातात जपमाळ घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. सैनिकांनी रेडिओचं यंत्र मोडलं, तेव्हा जून कीथली या निवेदिकेने दुसऱ्या केंद्रावरून बोलणं चालू ठेवलं. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले आणि कोराझोन राष्ट्राध्यक्ष झाल्या.

गोष्ट इथेच थांबवली असती, तर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिला दुसरी बाजू आहे. याच सिन यांनी गर्भनिरोधक साधनांना कडाडून विरोध केला. १९९४ साली त्यासाठी मनिलात मोठी सभा भरवली. लोक पुन्हा त्यांच्या हाकेला आले. पाळणा लांबवू पाहणाऱ्या गरीब बाईला मात्र सरकारी दवाखान्यात साधन मिळणं अवघड राहिलं. सिन २००५ साली वारले. त्याबद्दलचा कायदा व्हायला २०१२ साल उजाडलं. त्यावर सही केली ती कोराझोन यांच्याच मुलाने. तो तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता.

माणूस एकच, आवाज एकच. एकदा त्या आवाजाने लोकांना हुकूमशहापुढे उभं केलं, एकदा बाईच्या निर्णयाआड तो स्वतः उभा राहिला. म्हणून आम्हाला वाटतं, मोठ्या माणसाला मान द्यावा, पण त्याची प्रत्येक गोष्ट वेगळी तोलावी. तांदूळ चांगला असला तरी आपण तो निवडूनच शिजवतो ना?

गटाच्या पुढच्या बैठकीत याच्यावर बोला. कोणाचा शब्द तुमच्या गावात चालतो? आणि तो शब्द ठरताना तिथे बायका असतात का?