टेम्पो, छोटा हत्ती आणि विजेची गाडी

मराठीत ‘टेम्पो’ हा शब्द इतका रुळला आहे की, मुळात ते एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव होते हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. लहान मालवाहू गाडी, मग ती कोणत्याही कंपनीची असो, आपल्या लेखी टेम्पोच. एखाद्या वस्तूचे विशेषनाम सामान्यनाम होते तेव्हा ती वस्तू समाजाने पूर्णपणे स्वीकारली, असे समजायला हरकत नाही. हा स्वीकार कशामुळे होतो, रूपामुळे, किमतीमुळे की आणखी कशामुळे, हा प्रश्न विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला आहे. त्याचे उत्तर शोधताना शहरातल्या प्रदर्शनांपेक्षा नगर–बीड रस्त्यावरच्या कड्यासारख्या गावाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. आष्टी तालुक्यातल्या या गावी २०२२ साली रेल्वे पोहोचली. पण शेताच्या बांधावरून कांद्याच्या गोण्या उचलायला रेल्वे येत नाही. ते काम लहान गाडीचेच.

या लहान गाडीच्या इतिहासाचे एक टोक कड्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, नगरातच सापडते. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया नगरचे. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि स्वातंत्र्यानंतर उद्योगात उतरले. १९५८ साली हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी स्थापन झाली आणि ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी गाडी भारतात बनू लागली. महायुद्धानंतरच्या जर्मनीतल्या टंचाईत घडलेली ही गाडी दिसायला विलक्षणच होती. पुढे लांब नाक, नाकाखाली एकच चाक, इंजिनही तिथेच आणि गाडी ओढण्याचे कामही त्याच चाकाकडे. मागे मात्र मालासाठी ऐसपैस हौदा. तिला सुंदर म्हणण्याचे धाडस कुणी केले नसते. तरीही ती आपल्या रस्त्यांवर चार दशके टिकली. बैलगाडी आणि मोठा ट्रक यांच्यामधली मोकळी जागा तिने भरून काढली होती, आणि ज्याची गरज असते त्याचे रूप डोळ्यांच्या अंगवळणी पडते.

‘बजाज टेम्पो’ने आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले ते २००५ साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टाटा मोटर्सने ‘एस’ ही चारचाकी गाडी बाजारात आणली, आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. हा योगायोग असला, तरी एका युगाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेल्यासारखे त्यातून दिसते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ही गाडी घडवली. वजन वाहण्याची क्षमता पाऊण टन, इंजिन दोन सिलिंडरचे आणि ७०२ सीसीचे, शक्ती १६ अश्वशक्ती. ‘इंडिका’ मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन जणू मधोमध कापून हे इंजिन तयार झाले होते. किंमत सुमारे सव्वादोन लाख रुपये. मालवाहू तीनचाकीपेक्षा ही किंमत जास्तच होती, पण मोठ्या ट्रकच्या तुलनेत ती आवाक्यातली होती. दिवसा शहरात मोठ्या ट्रकना बंदी होऊ लागली होती, त्या काळात गल्लीबोळात शिरणारे चारचाकी वाहन अगदी वेळेवर आले.

या गाडीच्या जन्मकथेतला एक प्रसंग टाटांच्या अधिकाऱ्यांनी पुढे सांगितला आहे. तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलताना एका तरुणाने त्यांना सांगितले की, चार चाके असती तर लग्नाच्या बाजारात आपली किंमत वाढली असती. हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. वाहनाचे आकर्षण म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर क्वचितच मिळेल. चौथे चाक हे यंत्रदृष्ट्या स्थैर्याचे साधन होतेच, पण त्याहून अधिक ते मालकाच्या पतीचे साधन होते. हातात हँडलऐवजी सुकाणू, दारावर आईचे किंवा मुलीचे नाव, पाठीमागे ग्रामदैवताचे स्मरण. गाडीचा चालक हाच तिचा मालक होता. हप्ता त्याचा होता, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर गाडीही त्याचीच होणार होती.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेत घडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये टेस्ला कंपनीने ‘सायबरट्रक’ लोकांसमोर आणला. पोलादी पत्र्याचा, घडी घातलेल्या कागदासारख्या कडांचा हा विजेचा पिकअप पाहून जगभर वाद झडले. कुणाला त्यात भविष्य दिसले, कुणाला लहान मुलाने काढलेले चित्र. पण वादाच्या गदारोळात महत्त्वाचा आकडा मागे पडला. तेव्हा ३९,९०० डॉलरपासून सुरू होईल असे सांगितलेली किंमत २०२३ च्या अखेरीस गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या तेव्हा ६०,९९० डॉलरपासून पुढे गेली होती. रूपाची चर्चा फुकट होते, किंमत मात्र कुणाला तरी मोजावी लागते. हॅन्सीटही दिसायला विचित्र होती. पण तिचे वैचित्र्य कामातून आलेले होते, लक्ष वेधण्याच्या हौसेतून नव्हे.

आता आपल्याकडच्या विजेच्या गाडीकडे वळू. मे २०२२ मध्ये विद्युत ‘एस’ सादर झाली, आणि त्याच वेळी ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट यांसारख्या कंपन्यांशी मिळून ३९,००० गाड्यांचे करार झाल्याचे जाहीर करण्यात आले. माझ्या मते या गाडीच्या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे. २००५ ची गाडी तीनचाकीवाल्यासाठी बेतलेली होती, २०२२ च्या गाडीला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते ताफे बाळगणाऱ्या कंपन्यांचे. गाडी तीच, आकार जवळपास तोच, पण मालक आणि चालक ही दोन वेगळी माणसे झाली.

असे का व्हावे, हे साध्या अंकगणिताने कळते. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘एस प्रो’ या लहान भावंडाची किंमत पेट्रोलवर ३.९९ लाख आणि विजेवर ६.५० लाख अशी जाहीर झाली. म्हणजे फरक २.५१ लाखांचा. विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटांची आणि कंपनीने सांगितलेला पल्ला १५५ किलोमीटरचा. कडा ते नगर आणि परत ही फेरी शंभर किलोमीटरच्या आसपास. ओझे, उन्हाळा आणि चढ यांसाठी कागदावरचा खर्च दीडपट धरला, तर एका फेरीला चौदा युनिटे, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी. युनिटला दहा रुपये धरले तर खर्च १४० रुपये. पेट्रोलच्या गाडीला पाच लिटर लागले आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर ५०० रुपये. फेरीमागे वाचले ३६०. किमतीतला फरक भरून निघायला सुमारे सातशे फेऱ्या हव्यात. पुण्यात वर्षाचे तीनशे दिवस पार्सले वाटणाऱ्या कंपनीला हे अडीच वर्षांच्या आतच साधते. कड्याच्या चालकाला हंगाम आणि पाऊस पाहून वर्षाला शंभर फेऱ्या मिळत असतील, तर त्याला सात वर्षे लागतील. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला. त्यामुळे हे अंतर वाढलेच.

म्हणजे स्वस्त इंधनाचा लाभ ज्याच्या हाती रोजचे काम आहे त्याला आधी मिळतो, आणि ज्याचे काम पावसावर अवलंबून आहे त्याच्यापर्यंत तो शेवटी पोहोचतो. कोरडवाहू मुलखाला हे नवे नाही. या मुलखात बऱ्याच गाड्या शहरात निम्मे आयुष्य काढून, दुसऱ्या हाताने येतात. जुने डिझेल इंजिन गावातला मिस्त्री खोलून बसवू शकतो. जुनी बॅटरी किती उरली आहे, हे मात्र गाडी विकत घेणाऱ्याला बोनेट उघडून कळत नाही.

तरीही वाट अगदीच बंद आहे असे नाही. दुधाची गाडी रोज फिरते, ठरलेल्या गावांतून फिरते, आणि दुष्काळातही तिचा खाडा होत नाही. अंतर कमी, थांबे अनेक, रात्री घरी मुक्काम. विजेच्या गाडीला साजेसे याहून चांगले काम ग्रामीण भागात सापडणे कठीण. बँकेने हप्ता त्या दुधाच्या पगाराशी जोडून दिला आणि जुन्या बॅटरीची लेखी हमी गाडीबरोबर दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागली, तर चालक पुन्हा मालक होऊ शकेल. तसे झाले नाही, तर विजेच्या गाड्या कड्याच्या रस्त्यावरून धावतील खऱ्या, पण त्यांच्या दारावर आईचे किंवा मुलीचे नाव नसेल. तिथे कंपनीचे बोधचिन्ह असेल.